नाताळच्या भेटीसाठी बरणी रंगवताय? या चुका टाळा

भिंत रंग पिते. कापड पितं. मातीची पणती तर रंगाचा पहिला हात बघता बघता पिऊन टाकते. काच पीत नाही. तिच्यावर रंग नुसता बसतो, आणि नीट बसवला नाही तर उठूनही जातो. बरण्या रंगवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

आमच्याकडे वसईत नाताळला कलकल (मैद्याचे तळून साखरेच्या पाकात घोळवलेले छोटे शिंपले), नेवऱ्या (करंज्या) करून शेजारीपाजारी ताटं पाठवायची पद्धत आहे. ताटाऐवजी हातानं रंगवलेल्या बरणीत कलकल भरून द्यावेत, असं मी ठरवलं. पहिल्या वर्षी 23 डिसेंबरला सहा बरण्या रंगवल्या आणि दुसऱ्या दिवशी भरून वाटल्याही. दिसायला फार सुंदर दिसत होत्या. शेजारच्या मावशींनी रिकामी झालेली बरणी घासायला घेतली आणि पांढरी चांदणी अख्खीच्या अख्खी, सायीसारखी, त्यांच्या बोटावर आली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दोन दिवस चुटपुट लागून राहिली.

सगळ्यात मोठी चूक हीच, उशिरा रंगवणं. रंग हाताला कोरडा लागतो तासाभरात, पण आतून पक्का व्हायला काचेवरच्या अॅक्रेलिक इनॅमलला साधारण 21 दिवस लागतात. मी आता तारीख शोधत बसत नाही. आगमन काळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्येच येतो. म्हणजे तो कितीही उशिरा आला तरी नाताळला 22 दिवस उरतात. त्या रविवारी मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) येईपर्यंत माझ्या बरण्या रंगवून कपाटावर ठेवलेल्या असतात. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

रंग कुठला घ्यायचा

मुलांच्या दप्तरातले पोस्टर कलर काचेवर टिकत नाहीत. कापडाचे किंवा कॅनव्हासचे साधे अॅक्रेलिक बसतात, पण नखानं खरवडले की निघतात. पक्कं काम हवं असेल तर डबीवर ‘काच आणि सिरॅमिकसाठी’ असं लिहिलेलं अॅक्रेलिक इनॅमल घ्या. पारदर्शक, खिडकीच्या रंगीत काचेसारखं काम करायचं असेल तर ग्लास कलर. त्यात दोन जाती आहेत, पाण्याचा आणि थिनरचा. एकाच बरणीवर दोन्ही मिसळू नका. पाण्यानं पातळ होणारा रंग थिनरनं आणि थिनरचा रंग पाण्यानं पातळ करू गेलात तर तो दह्यासारखा फाटतो.

हाताचं तेल

बरणी कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यावर तेल असतंच, निदान तुमच्या बोटांचं. जॅम-लोणच्याच्या जुन्या बरण्यांवर लेबलाचा चिकटाही असतो. तो काढायला खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून लावणं हा उत्तम उपाय आहे, पण पुष्कळजणी तिथेच फसतात. चिकटा जातो, तेल राहतं आणि रंग त्या तेलावर बसतो. त्यानंतर भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा, पूर्ण वाळवा आणि शेवटी कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. स्पिरिट पेटतं, तेव्हा गॅस बंद असू द्या. ऑइल असलेला नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका, तो मागे स्वतःचाच थर सोडतो.

नवी बरणी पुसायची गरज नाही, हा समजही चुकीचा. कारखान्यात बरण्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्यांच्यावर बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारा घसरट लेप दिलेला असतो. पुसल्यावर बरणी धरायची ती आत हात घालून किंवा कडेला धरून.

पहिला हात बघून घाबरू नका

इथे मला जरा थांबून सांगायचंय, कारण हौशीनं सुरुवात केलेली माणसं इथेच हिरमुसतात. पहिला हात देता तेव्हा रंग फिका, रेघारेघांचा, मध्येच उघडा पडलेला दिसतो. तसाच दिसायला हवा. तो झाकायला आपण पुन्हा त्यावरून ब्रश फिरवतो आणि अर्धवट वाळलेला रंग ब्रशाबरोबर उचलला जातो, खाली काच उघडी पडते. एकदा ब्रश फिरवला की सोडून द्या. तासभर वाळू द्या. दुसऱ्या हातात रंग भरतो, तिसऱ्यात उजळतो. जाड एकच हात दिलात तर ओघळ येतो, आणि वरून सुकलेल्या सालीखाली रंग कितीतरी दिवस ओला राहतो. सपाट पार्श्वभूमीसाठी मी ब्रश वापरतच नाही. भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा कापते आणि टिपत जाते. त्यानं रेघा पडत नाहीत, आणि पांढऱ्या रंगात टिपलं तर हिमाचा भुरका छान जमतो.

बरणी गोल असल्यानं रंग खाली धावतो. टॉवेलची गुंडाळी करून तिच्या खोबणीत बरणी आडवी ठेवा, वरची बाजू रंगवा, वाळली की फिरवा. लायनरनं (नळीतून रेषा काढायच्या जाडसर रंगानं) बाह्यरेषा काढत असाल तर रेषेला रेषा नीट भिडलीय ना ते पाहा. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तांबडा रंग तिथून हिरव्यात शिरतो. लायनर पूर्ण वाळायच्या आधी आत रंग भरू नका. बाटली हलवून रंग ढवळला तर बुडबुडे येतात. काडीनं हळू ढवळा, तरीही आले तर ओले असतानाच सुईनं फोडा. मास्किंग टेप लावली असेल तर शेवटचा हात किंचित ओला असतानाच तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची कडही सोबत येते.

भाजायचं असेल तर

21 दिवस नसतील तर काही रंग ओव्हनमध्ये पक्के करता येतात. आधी डबी वाचा. बहुतेकांचं गणित 160 ते 175 अंश आणि 30 ते 40 मिनिटं असं असतं, पण शेवटचा शब्द डबीचा. रंगवल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग थंड ओव्हनमध्ये बरणी ठेवून नंतर तो सुरू करा, आणि वेळ झाली की बंद करून बरणी आतच गार होऊ द्या. तापलेल्या ओव्हनमध्ये गार बरणी ठेवली किंवा गरम बरणी ओट्यावर काढली तर ती तडकते. झाकणं आत घालू नका. थिनरचा रंग तर कधीच भाजू नका, त्याच्या वाफा पेट घेतात.

आत खाऊ आहे, हे विसरू नका

रंग फक्त बाहेरून. आतून रंगवलेली बरणी कितीही देखणी असली तरी तिच्यात खायचं भरू नये. वरची बोटभर कड कोरी सोडा. आट्यांवर रंग गेला तर झाकण चिकटतं आणि फिरवताना रंगाचे कण खाऊत पडतात. रंगवलेली बरणी उकळून निर्जंतुक करायला गेलात तर सगळी मेहनत पाण्यात उतरते.

लोणच्याचा वास काचेला नसतो, झाकणाच्या आतल्या अस्तरात असतो, म्हणून झाकण नवंच घ्या. कलकल पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. आत वाफ धरते, साखरेच्या पाकाचा लेप पाझरतो आणि चौथ्या दिवशी खुसखुशीत कलकल मऊ पडतात.

रंग सुटायला लागलाच तर तेवढ्याच जागी ठिगळ लावू नका, शेजारचा रंगही सैल झालेला असतो. बरणी कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, जुन्या एटीएम कार्डानं सगळं खरवडा आणि स्पिरिटपासून पुन्हा सुरुवात करा.

आता मी प्रत्येक बरणीच्या गळ्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधते: ‘हातानं धुवा, भिजत ठेवू नका, तारेच्या काथ्यानं घासू नका, आत मेणबत्ती लावू नका.’ मावशींची नंतरच्या वर्षीची बरणी मे महिन्यात माझ्याकडे परत आली, भांडं रिकामं देऊ नये म्हणून आमसुलांनी भरून. चांदणीचे पाचही कोपरे जागेवर होते.