जनमत कौलावर प्रकल्प करताय? आधी शब्द जमवा

फोंड्यातल्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. दरवर्षी कोणीतरी येतं नि म्हणतं, "मॅडम, ओपिनियन पोलवर काहीच मिळत नाही." गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा, यावर 1967 साली झालेलं मतदान म्हणजे हा पोल. माहिती मिळते, शोधायचा शब्द चुकलेला असतो.

म्हणून आधी कोऱ्या कागदावर एकाच गोष्टीची सगळी नावं लिहा: जनमत कौल, सार्वमत, ओपिनियन पोल, विलीनीकरण. गावांचंही तसंच. पणजी जुन्या कागदांत पांजिम असते, पोर्तुगीज कागदांत नोव्हा गोवा. रोमन लिपीत फोंड्याचं स्पेलिंग 'प'ने सुरू होतं, हे आमच्याच मुलांना सुचत नाही!

मग प्रश्न आवळा. 'गोव्याचा इतिहास' हा प्रश्नच नव्हे. '16 जानेवारी 1967च्या कौलाआधी मराठी वृत्तपत्रांनी काय भूमिका घेतली?' हा प्रश्न. इथे 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' शेजारी ठेवून वाचा. दोन्ही मराठीच, पण पहिलं विलीनीकरणाच्या बाजूचं, दुसरं विरोधात. एकच वाचाल तर अर्धा गोवा हरवेल. माझ्या घरातही दोन्ही बाजूंची माणसं होती, म्हणून हे कळकळीने सांगते.

आकडा दिसला की दुसरीकडे ताडून बघा. संघप्रदेशाच्या बाजूने 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. वजाबाकी स्वतः करा, 34,021 येते का पाहा. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर पुरावा म्हणून नको.

जुन्या अंकांसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. वही-पेन्सिल न्या आणि वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान तिथल्या तिथेच टिपा.