चौथा फ्रेट, सगळीकडे चौथाच

नेहमीची गिटार कानाने जुळवायची तर पाढा ठरलेला: पाचवा, पाचवा, पाचवा, चौथा, पाचवा. तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई. जाड तारेचा पाचवा फ्रेट (दांडीवरचा खण) दाबायचा, शेजारची मोकळी तार त्या सुराला आणायची, असं करत बारीक तारेपर्यंत यायचं. फक्त जी तारेवर चौथा दाबायचा, मग बी मिळते. हा मधेच घुसलेला चौथा मला कायम खुपायचा. माझं अमळनेरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाच कॉइलींना सारखे टर्न आणि सहावीला कमी, अशी मोटार भरली तर शेतकरी ती माझ्याच डोक्यावर आणून ठेवेल.

तो चौथा उगाच नाही, हे कबूल. त्याच्यामुळेच सहाही तारांवरचे मोठे कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) एका हातात मावतात. पण एका जोडीवर बसलेली बोटं शेजारच्या जोडीवर नेली की चुकतात, तेही त्याच्याचमुळे. सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की ही भानगड मिटते. भजनी मंडळाच्या भाषेत सांगायचं तर सा-म, सा-ग किंवा सा-प. फ्रेटच्या हिशोबाने पाच, चार किंवा सात.

पहिल्यांदाच करणार असाल तर सा-म करून बघा. जाड चार तारांना हात लावू नका. बी एक फ्रेट चढवून सी करा आणि बारीक ई चढवून एफ. झालं: ई, ए, डी, जी, सी, एफ. अमेरिकेतला गिटारवादक स्टॅनली जॉर्डन असाच वाजवतो. बारीक तारेवरचा ताण मात्र साधारण १२ टक्के वाढतो, जुनी तार असेल तर तोंड जरा लांब ठेवा. मी उलटं करतो. बी आणि बारीक ई तशाच ठेवतो आणि जाड चारही तारा एकेक फ्रेट उतरवतो. अंतर तेच मिळतं, तार तुटायची भीती नाही. यात भूपाचा आरोह कुठल्याही तारेवरून उचला, बोटांचा नकाशा तोच राहतो. गाणारा पेटीच्या काळी दोनवरून काळी पाचला गेला तरी हात फक्त सरकवायचा किंवा तार बदलायची. तोटा बार कॉर्डचा, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायच्या कॉर्डचा. ई, ए, डी, जी, सी, एफ मध्ये जी मेजर आता ३-५-५-४-२-२ (जाड तारेपासून एकेका तारेचा फ्रेट) असा धरावा लागतो, आणि तो धरताना मला शिव्या आठवतात.

माझं खरं प्रेम सा-गवर. कारण सांगतो. पंपाच्या पट्ट्यात सापडून माझ्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. नेहमीच्या गिटारवर बार कॉर्ड म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. सा-गमध्ये तीन सुरांचा कुठलाही साधा कॉर्ड दोन फ्रेटांत बसतो. ही जुळणी साठच्या दशकात राल्फ पॅट या अमेरिकन जॅझवाल्याने वापरात आणली.

जुळवायची अशी. जाड ई तशीच. ए एक फ्रेट उतरवून जी शार्प. डी दोन उतरवून सी. जी तीन उतरवून ई. बी तीन उतरवून जी शार्प. बारीक ई चार उतरवून सी. उतरवताना प्रत्येक तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली न्या आणि मग चढवत सुरावर आणा. वरून उतरवत थांबलात तर खुंटीतला ढिलेपणा राहतो आणि दोन गाण्यांत तार उतरते. बारीक तार फारच लोळायला लागते, तिचा ताण तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त कमी होतो. म्हणून १० नंबरचा सेट काढून १२चा, म्हणजे जाड तारांचा, लावा.

आता माझी चूक ऐका. ट्यूनर बाजूला ठेवून मी कानाने लावायला बसलो. मंडळात तंबोरा ऐकत वाढलेला कान. प्रत्येक तारेला सा म्हटलं, पुढच्या तारेवर गोड गंधार लावला. प्रत्येक जोडी मधासारखी. सहाही तारा छेडल्या तर काहीतरी कुजकं. आमचे पेटीवाले बुवा दुकानात बसले होते. म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ? गंधार गोड लागलाय तुझा, पण वरचा सा उतरलाय."

बरोबर होतं. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सा च्या सव्वापट कंपनांचा असतो. १.२५ × १.२५ × १.२५ करा: १.९५ येतात. वरच्या सा ला बरोबर दुप्पट हवी. एका फ्रेटच्या चाळीस टक्क्यांएवढी चोरी होते. थ्री फेज विजेत आर, वाय, बी या तीन लाइनी एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, तीन मिळून वर्तुळ पुरं. सप्तकाचे बारा स्वर तिघांत वाटले की प्रत्येकाला चार. इथंही तीन तारांत वर्तुळ पुरं व्हायला हवं, आणि गोड गंधाराने ते होत नाही. तेव्हा गोडवा सोडा, चौथा फ्रेट दाबा आणि त्याच्याशीच पुढची तार जुळवा. शेवटी (जाड तार सहावी, बारीक पहिली) सहावी-तिसरी, पाचवी-दुसरी, चौथी-पहिली अशा जोड्या छेडून बघा. प्रत्येक जोडीत एकच स्वर, एक सप्तक वर, लाट न उठता वाजला पाहिजे.

मोकळ्या तारा छेडल्या की सूर अधांतरी लटकतो, घाबरू नका. तिन्ही अंतरं सारखी, त्यामुळे कुठला सा हे कळतच नाही.

आता कॉर्ड. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे ए. मधलं बोट तिथं, अनामिका पाचव्या तारेच्या पाचव्यावर, तर्जनी चौथ्या तारेच्या चौथ्यावर. ५-५-४, ए मेजर. आता अनामिका उचला आणि तर्जनी आडवी टाकून पाचवी तारही चौथ्या फ्रेटवर दाबा: ५-४-४, ए मायनर. हललं काय, तर फक्त गंधार. शुद्धचा कोमल झाला. हीच आकृती तशीच उचलून तिसऱ्या तारेपासून ठेवा, तोच कॉर्ड एक सप्तक वर. सी मेजर हवा तर आठव्यावर: ८-८-७. आणि सगळ्या तारा एकदम वाजवायच्या असतील तर सोपा ए मेजर ०-१-१-०-१-१ (० म्हणजे मोकळी तार). सुटे सूर वाजवताना चार बोटांना चार फ्रेट वाटून द्या. तीन तारांत बाराही स्वर येतात, मनगट हलत नाही.

जुने मोकळे सी, जी, डी कॉर्ड मात्र गेले म्हणून समजा. वरचे चार स्वरही गेले.

सा-प ही मॅन्डोलिनची जुळणी. ती गिटारवर ओढली तर बारीक तारेला बी पर्यंत चढवावं लागतं, नेहमीपेक्षा सात फ्रेट वर. तुटणारच. ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने १९८५ पासून ती शिकवताना शेवटची तार जी वर थांबवली: सी, जी, डी, ए, ई, जी. त्यालाही तारांचा वेगळा सेट लागतो. मी केली नाही, त्यामुळे जास्त शहाणपणा शिकवत नाही.

मे महिन्यात माझ्या पत्र्याखाली सकाळी जुळवलेली गिटार दुपारपर्यंत उतरते, तार तापून लांबते. सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत रोज दोनदा जुळवतो. गिटारच्या डोक्यावर सेलोटेपने "सा-ग, हात लावू नये" अशी चिठ्ठीही चिकटवली आहे. मागच्या वर्षी पुतण्या सुट्टीत आला, मी मोटार बसवायला शेतावर गेलो होतो. परत आलो तर म्हणाला, "काका, तुमची गिटार पार बेसूर झाली होती, मी लावून ठेवली."