इंटरफेरॉन गॅमा दिल्यावर कर्करोगाच्या पेशीतली जनुकं कशी मोजायची

ट्यूमरमध्ये शिरलेल्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. ते रिसेप्टरला चिकटलं की जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइम्स स्टॅट१ या प्रथिनाला फॉस्फेट लावतात, स्टॅट१ केंद्रकात जातं आणि जनुकं चालू होतात. त्यांतलंच एक सीडी२७४. त्यापासून पीडी-एल१ बनतं आणि टी पेशींना लगाम घालतं. मेलानोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) ए३७५ पेशींत हे आरटी-क्यूपीसीआरने (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) छान पकडता येतं.

सिक्स-वेल प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये २ मिलि माध्यमात ३ लाख पेशी टाका, रात्रभर चिकटू द्या. इंटरफेरॉनची मात्रा १० नॅनोग्रॅम प्रति मिलि. स्टॉक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि असेल तर वेलला जेमतेम ०.२ मायक्रोलिटर लागेल, आणि एवढं पिपेटने अचूक उचलता येत नाही. म्हणून ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या पीबीएस या बफरमध्ये आधी शंभरपट पातळ करा आणि त्यातलं २० मायक्रोलिटर घाला. बीएसए नसेल तर प्रथिन नळीलाच चिकटून बसतं. कंट्रोलला तेवढंच नुसतं बफर. एका वेलला तासभर आधी १ मायक्रोमोलर रक्सोलिटिनिब हे जॅकला रोखणारं औषध द्या, म्हणजे वाढ जॅकमुळेच झाली का ते कळेल. बाकीच्या वेलना तेवढंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात ते द्रावक).

आयआरएफ१ (इंटरफेरॉनने लवकर चालू होणारं जनुक) साठी ४ तासांनी, सीडी२७४ साठी २४ तासांनी पेशी काढा. दोन्ही वेळांना कंट्रोल वेगळा हवा. आरएनएला डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या, १ मायक्रोग्रॅमचं सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो संदर्भ जनुकात, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्या जनुकांची तुलना करायची त्यात. बी२एम अनेक लॅबमध्ये सवयीने वापरतात, पण इंटरफेरॉन गॅमाने तेच वाढतं! त्याच्याशी तुलना केली की खरी वाढ दबून जाते. टीबीपी हे जनुक घ्या आणि त्याची सीटी (कितव्या सायकलला संकेत दिसतो तो आकडा; कमी म्हणजे आरएनए जास्त) कंट्रोल आणि उपचार अशा दोन्ही वेलमध्ये सारखी येते का ते आधी बघा. समजा टीबीपी दोन्हीकडे २४, सीडी२७४ कंट्रोलमध्ये २७ आणि उपचारानंतर २३, तर फरक ४ सायकलचा, दर सायकलला दुप्पट म्हणजे १६ पट. सीएक्ससीएल१० या इंटरफेरॉनने वाढणाऱ्या आणखी एका जनुकाची कंट्रोलमधली सीटी ३५ च्या पुढे असेल तर पट सांगूच नका, तो आकडा पोकळ असतो. एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या पॅसेजवर (पेशी नव्याने वाटून वाढवण्याच्या फेरीवर) तीनदा करा.

काहीच वाढलं नाही तर आधी इंटरफेरॉनची प्रजाती तपासा, उंदराचं माणसाच्या पेशीवर चालत नाही. वितळवून पुन्हा गोठवलेला स्टॉकही दगा देतो. एलएनकॅपसारख्या (प्रोस्टेट कर्करोगाच्या) पेशींत जॅक१ च नसतं. शंका राहिलीच तर इंटरफेरॉन दिल्यावर ३० मिनिटांनी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीवर) टायरोसिन ७०१ या जागी फॉस्फेट लागलेला स्टॅट१ बघा: बँड नसेल तर बिघाड सिग्नलमध्ये, असेल तर प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) तपासा.