ब्रॉयलरचं खाद्य घरीच बनवताय? मग या चुका टाळा

पक्षी जरा मागे पडला की आपल्याकडे पहिला फोन जातो औषधवाल्याला, मक्याची गोणी उघडून कुणी बघत नाही, आणि खाद्यात निम्म्याच्या वर तर मकाच असतो राव.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा नवा मका स्वस्त मिळतोय म्हणून शेड भरून ठेवणं. खरिपाचा हा मका बऱ्याचदा १८-२० टक्के ओलाव्याचा असतो, साठवायला १३-१४ च्या वर नको. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडा मका आणि चमचाभर सुकं मीठ टाकून दोन-तीन मिनिटं खळखळवा, मीठ काचेला चिकटलं की माल ओला समजायचा. बुरशी लागली तर उन्हात घालू म्हणाल, तर वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते पण तिने आधीच सोडलेलं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, तसंच राहतं, पेलेट मशीनच्या वाफेनेही जात नाही. तुटका दाणा आणि भुकटी चाळून काढा, विष तिथेच जास्त.

बाइंडर (खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवणारी पावडर) टाकलाय ना मग काय, हेही नको. बेंटोनाइटवाला बाइंडर अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतो, टी-२ या बुरशीच्या दुसऱ्या विषाला फारसा नाही. तोंडात, चोचीच्या कडेला पिवळट चट्टे दिसले तर टी-२ चा संशय धरा, बाइंडरचा डोस वाढवत बसू नका, खाद्य बदला.

आता कॅल्शियम. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. दोन वर्षांमागे पिल्लं लंगडायला लागली म्हणून मी टनामागे १० किलो चुनखडी पावडर जास्त ओतली, आठवड्यात निम्मी बॅच पायावरून बसली. डॉक्टरांनी मेलेल्या पिल्लाच्या नडगीचं हाड वाकवून दाखवलं, कट्टकन मोडायला हवं ते रबरासारखं वाकलं. कमी होता फॉस्फरस! मक्या-सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे पक्ष्याला नीट न पचणाऱ्या रूपात, अडकलेला असतो, त्यात कॅल्शियम जास्त झालं की उरलेलाही पक्ष्याला लागत नाही. स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास आणि उपलब्ध (पक्ष्याला प्रत्यक्ष लागणारा) फॉस्फरस त्याच्या साधारण निम्मा, एवढं धरून चाला, आणि डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) स्वस्तातली घेताना फॉस्फरस खरंच १८ टक्के आहे का हे लॅबमधून बघा. लेयरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) खाद्य उरलंय म्हणून ब्रॉयलरला तर अजिबात घालू नका, त्यात कॅल्शियम तिप्पट-चौपट असतं, किडन्या जातात.

मिक्सिंगही तसंच. ट्रेस मिनरलची (अगदी थोडी लागणारी खनिजं) किलोभर पुडी थेट टनात फेकली तर एका गोणीत सगळं आणि बाकीच्यांत काहीच नाही, आधी १० किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग ५० मध्ये, मग मिक्सरला.

आणि सुकी मासळी घालत असाल तर तिच्यातलं मीठ धरूनच वरचं मीठ टाका, नाहीतर पक्षी पाणी ढोसतात, खालचं तूस ओलं होतं आणि आपण उगाच कॉक्सीची (आतड्यांच्या कॉक्सिडिओसिस रोगाची) औषधं देत बसतो.