कामायान घालताय? मग या चुका टाळा

फिलिपिन्समधल्या दावाओला मेडिकल शिकायला मराठी पोरं दरवर्षी येतात, आणि जरा रुळली की कुणाच्या तरी वाढदिवसाला कामायान घालायचं ठरवतात. लांब टेबलावर केळीची पानं, मधोमध भाताचा बांध, त्यावर भाजलेले मासे, डुकराच्या पोटाकडचं मांस म्हणजे लिएम्पो, कोळंबी, वांगी, आणि दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून हातानं जेवणार. इकडचे बिसाया बोलणारे लोक किनामोत म्हणतात, सैन्यातलं नाव बूडल फाइट. मला बोलावणं येतं, मी जाते, आणि तेच ते घोळ पुन्हा बघते. मुळाशी समज एकच: "आपण जन्मापासून हातानंच जेवतो, पंगतीत वाढलोय, आपल्याला कोण शिकवणार?" अरे बाबांनो, पंगतीत ज्याचं त्याचं पान असतं. इथे सगळ्यांत मिळून एकच.

पान न शेकता अंथरणं आणि त्यावर रस्सा ओतणं

या दोन चुका वेगळ्या, पण जोडीनंच येतात.

एका वाढदिवसाला पोरांनी बांकेरोहान बाजारातून पानं आणली, रात्रभर फ्रीजमध्ये कोंबली आणि सकाळी तशीच टेबलावर टाकली. गार पान ताठ असतं. भात पडला की शिरेच्या रेषेत टर्रकन फाटतं. तसं ते फाटलंच. त्यात टेबल व्हरांड्यात मांडलेलं, आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून व्हरांड्याला उतार. कोल्हापूरच्या एका पोराला भात कोरडा वाटला. त्यानं प्रेमानं केलेला तांबडा रस्सा पातेल्यातून थेट भातावर ओतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! उताराच्या टोकाला घरमालकीण नानाय उभ्या होत्या, चर्चमधून थेट आलेल्या, पांढऱ्या ब्लाऊजमध्ये. रस्सा फटींतून, पानाखालून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचला. कुणीतरी घाबरून टेबल ओढलं, तर भाताचा अर्धा बांध खाली. नानाय मोठ्या मनाच्या, हसल्या. पण म्हणाल्या, "सूप वाटीत असतं, बाळा."

माझी सवय सांगते. पान नळाखाली धरायचं नाही, ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसायचं. पाठीमागचा जाड दांडा सुरीनं तासायचा, म्हणजे पान सपाट बसतं. मग मध्यम आचेवर ज्योतीवरून हळूहळू सरकवायचं. पानावरचा मेणाचा थर वितळतो, फिकट हिरवा रंग बघता बघता गडद आणि चकचकीत होतो, वास सुटतो आणि पान हातात मऊ पडतं. काळं पडायच्या आत पुढे सरकवा. केळीच्या पानात मासे भाजणाऱ्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. अंथरताना चकचकीत बाजू वर, आणि पानं कौलांसारखी एकावर एक चढवून. खाली जाड कागद टाका. पानाचं चित्र छापलेलं प्लास्टिक मिळतं, ते कुणी माझ्यासमोर आणू नये. त्यावर वाफाळता भात ओतून खायचा तर ताटं काय वाईट?

पातळ पदार्थ पानावर नाही म्हणजे नाही. आंबट सिनिगांग असो, कोंबडीचा तिनोला असो, ही सुपं वाट्यांत. आदोबो, म्हणजे व्हिनेगर-सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, करायचा तर रस आटवून तुकड्यांना चिकटेपर्यंत. भाताला ओलावा लागतो तो येतो टोमॅटो-कांदा आणि खारवलेल्या अंड्याच्या कोशिंबिरीतून, कच्च्या आंब्यातून, आणि मुख्य म्हणजे साव्सावानमधून: माडाच्या ताडीचा व्हिनेगर, लसूण, मिरची, किंवा सोया सॉसमध्ये पिळलेला कालामान्सी, म्हणजे इथलं छोटं लिंबू. घास आधी करायचा, मग बुडवायचा. दर तीन-चार माणसांमागे व्हिनेगरची एक वाटी ठेवा, नाहीतर एकाच वाटीसाठी सगळ्यांचे हात एकमेकांच्या भातावरून जातात.

बासमती

नको. मोकळा, लांब दाणा बोटांत धरला जात नाही, निम्मा पानावर परत पडतो. इथला दिनोरादो घ्या, नाहीतर जस्मिन. सिनांगाग म्हणजे लसणाचा परतलेला भात करायचा तर आदल्या दिवशीचा, फ्रीजमधला भात हवा. ताजा भात कढईत टाकून "चालतंय की" म्हणणाऱ्यांचा लगदा मी पाहिलेला आहे. साधा गरम भात असेल तर परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि मग पानावर घ्या. बोटं भाजत नाहीत, पानालाही घाम सुटत नाही.

उष्ट्याचा घोळ

दुसरी दुखरी नस ही. एक तर काही जण उष्टं-खरकटं म्हणून आधीच बिचकतात आणि कोपऱ्यात ताट घेऊन उभे राहतात. उरलेले उलट टोकाचे. एकदा सगळ्यांचं एकच पान म्हटलं की सगळं आपलंच, असं धरून समोरच्याच्या पुढ्यातली कोळंबी उचलतात. दोघंही चुकतात. एकाच पानावर जेवण असलं तरी जागा ठरलेली असते. तुमच्या पुढ्यातला भात आणि त्यावरचं वाढप तुमचं, आणि खाताना तुमच्या बाजूनं आत खात जायचं. लांबचं काही हवं असेल तर मागायचं, शेजारी हातानं सरकवून देतो. इथले लोक न मागताही चांगला तुकडा शेजाऱ्याकडे ढकलतात. हे ज्याच्या लक्षात येत नाही तो दोन मिनिटांत टेबलावर उघडा पडतो.

वरण-भात कालवल्यासारखा तळहातानं कालवू नका. शेजाऱ्याचा भात तुमच्या भाताला लागून आहे. बोटांच्या टोकांनी थोडा भात जमवायचा, दाबायचा, मासा किंवा मांसाचा तुकडा त्यात धरायचा आणि अंगठ्यानं तोंडात ढकलायचा. डाव्या हाताचं इथे सोवळं नाही, खेकडा दोन्ही हातांनी फोडला तरी कुणी बघत नाही. तरी एक हात ग्लासासाठी कोरडा ठेवा.

आणि शर्यत नको. बूडल फाइटची प्रथा बागियोच्या मिलिटरी अकादमीतल्या कॅडेट्सची, तिथून ती सैन्यात आणि मग रेस्टॉरंटांत पसरली. अधिकारी आणि शिपाई खांद्याला खांदा लावून एकाच पानावर जेवतात, हुकूम सुटला की तुटून पडतात. तो त्यांचा खेळ आहे. वाढदिवसाला आजी-नातवंडं असताना कुणी स्टॉपवॉच काढलं, तर मी ते जप्त करते.

एखाद्या फिलिपिनो काकांनी चमचा मागितला तर "तुमचीच परंपरा ना?" असं ऐकवू नका. रोजचं जेवण इथे चमचा-काट्यानंच चालतं. मुकाट्यानं चमचा द्या.

शाकाहारी पाहुणा

"त्याच्या बाजूला फक्त भाज्या ठेवू" हा उपाय नाही. पिनाकबेत दिसायला भाजी, पण त्यात बागोओंग म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची चटणी. मोंगो म्हणजे मुगाची आमटी, तर त्यात बहुधा डुकराचं मांस नाहीतर सुका मासा. आणि भाताच्या बांधावरून लिएम्पोची चरबी कुठवर जाईल याचा नेम नाही. त्याला टेबलाच्या टोकाला वेगळं पान द्या: भाजलेली वांगी, भेंडी, टोमॅटो, आंबा, निव्वळ व्हिनेगरची वाटी. हे आदल्या दिवशी ठरवा, पानं मांडल्यावर नाही.

बाकीच्या चुका, भराभर

फोटो काढत बसणं. लिएम्पोची चरबी थिजते, भात गार होतो. एक फोटो, बस्स.

भाजलेला बांगुस काटे न काढता लहान मुलांसमोर ठेवणं. या माशाचे काटे जीव खातात, बाजारात काटे काढलेला मिळतो तोच घ्या.

खेकडे अख्खे ठेवणं. आधी तडे देऊन ठेवा.

किनिलाव पानावर वाढणं. व्हिनेगरमधला कच्चा मासा आहे तो, बर्फावरच्या वाडग्यात राहू द्या.

सिलिंग लाबुयो ही तिखटजाळ मिरची चुरडून त्याच बोटानं डोळा चोळणं. यावर मी काही बोलत नाही.

दुरियान हे उग्र वासाचं फळ त्याच टेबलावर फोडणं. जेवण आटोपल्यावर, अंगणात.

उरलेला भात "उद्या फोडणी देऊ" म्हणून डब्यात भरणं. दहा जणांचे हात लागलेला, दमट हवेत दोन तास उघड्यावर पडलेला भात आहे तो. वाढपाची भांडी स्वयंपाकघरात वेगळी ठेवा आणि पानावर थोडं थोडं घाला, म्हणजे उरेल ते भांड्यातच उरेल.

आवरताना आधी खेकड्याच्या नांग्या आणि हाडं वेचा, नाहीतर पिशवी फाटते. मग पानं दोन्ही टोकांकडून मधे गुंडाळत आणायची. हाताचा वास कालामान्सीच्या सालीनं जातो, साबण नंतर. आणि जो पानं गुंडाळायच्या आत "ताई, उद्या पेपर आहे" म्हणून सटकतो, त्याला पुढच्या खेपेला सकाळी सहा वाजता लसूण सोलायला बोलवा.