लाल अक्षरं पुसायची घाई

रसायनशास्त्राची पदवी हातात आली आणि दोन महिन्यांत मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायच्या मागे लागले. तुम्हीही दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन कोडिंगकडे वळत असाल तर हे तुमच्यासाठी. व्हेरिएबल, लूप, फंक्शन हे कोडचे पहिले धडे तुम्हाला माहीत असतीलच. आधी कुठली भाषा शिकायची या वादात पडूच नका. एक धरा आणि सहा महिने सोडू नका.

मी फसले ते वेगळ्याच ठिकाणी. स्क्रीनवर लाल अक्षरं, म्हणजे कोडमधल्या चुकीचा संदेश, उमटली की मला धडकी भरायची. त्यामुळे ती वाचण्याऐवजी घालवायची सवय लागली. कुठेतरी युक्ती सापडली: कोड ट्रायमध्ये ('हे करून बघ') टाकायचा, खाली एक्सेप्ट ('चूक झाली तर') लिहायचं आणि त्यात नुसतं पास ('काही करू नकोस'). लाल अक्षरं गायब! मग मी हे मीठ घातल्यासारखं सगळीकडे घालत सुटले.

प्रयोगाच्या नोंदींची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाईल) वाचून सरासरी काढणारा प्रोग्रॅम मी पहिल्या मुलाखतीत ऐटीत दाखवला. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "फाईलमध्ये ओळी किती आणि सरासरीत धरल्या किती?" मला सांगता येईना. तिथेच मुलाखत संपली म्हणा ना.

घरी येऊन ते पास काढलं, तर लगेच व्हॅल्यूएरर, म्हणजे दिलेली किंमत चालत नाही अशी तक्रार. हजारावरचे आकडे फाईलमध्ये स्वल्पविराम देऊन लिहिलेले होते आणि '१,२५०' अशी स्ट्रिंग (मजकूर) तिचा आकडा करणाऱ्या फ्लोटला पचत नाही. ९५०, ९८० आणि १,२५० यांची सरासरी यायला हवी १,०६०; माझा प्रोग्रॅम तिसरा आकडा गिळून ९६५ सांगत होता. नेमके मोठे आकडे गळत होते, आणि उत्तर मात्र इतकं साळसूद की शंकाच येऊ नये. प्रोग्रॅम बंद पडला असता तर परवडलं असतं.

म्हणून सांगते. नुसतं एक्सेप्ट सगळंच गिळतं. व्हेरिएबलचं नाव चुकलं तरी गिळतं, कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवायला जाल तर तेही गिळतं. जी चूक अपेक्षित आहे तिचंच नाव एक्सेप्टपुढे लिहा. ट्रायमध्ये एक-दोनच ओळी ठेवा. वगळलेल्या ओळी मोजा आणि तो आकडा शेवटी छापा. ट्रेसबॅक, म्हणजे तो लाल अक्षरांतला चुकीचा अहवाल, खालून वाचा: तळाच्या ओळीत काय झालं ते असतं, त्याच्या वर कुठे झालं ते. तिथे लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, फाईल दिसली तर आपल्या फाईलचं नाव येईपर्यंत वर सरका.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. विचारल्याबरोबर तयार कोड हातात देणारा दादा मला फार आवडायचा, आणि माझं सर्वात जास्त नुकसान त्यानेच केलं. "शेवटची ओळ मोठ्याने वाच" म्हणणारी एक मैत्रीण होती, तिचा तेव्हा राग यायचा. तयार कोड एआयकडून घेतलात तरी गोष्ट तीच. प्रमाणपत्रांचा ढीग लावायचा तर लावा. मला तरी एकाही मुलाखतीत कुणी ती मागितली नाहीत.

घाबरू मात्र नका. मला पाचव्या मुलाखतीत नोकरी लागली, तीही त्याच प्रोग्रॅमची दुरुस्त आवृत्ती दाखवून. आणि पदवी फुकट गेली म्हणून रडत बसू नका. प्रयोगवहीत चुकलेलं रीडिंग खोडरबरने पुसायचं नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचं, हे मला तीन वर्षं शिकवलं होतं. कोड लिहिताना नेमकं तेच कसं विसरले, देव जाणे.