जावा, येझदी, बुलेट, आरडी : गोव्यात जुनी गाडी ठेवायची तर या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की फोंडा, डिचोली, पेडण्याच्या गॅरेजांसमोर जुन्या मोटारसायकलींची रांग लागते. जूनपासून पडवीत उभ्या असलेल्या, ढकलत आणलेल्या. किक मारून मारून मालक घामाघूम झालेला असतो आणि निदानही त्याने स्वतःच करून टाकलेलं असतं : "(ठिणगीसाठी वीज देणारी) कॉइल गेली." बहुतेक वेळा कॉइल ठणठणीत असते. अशा गाड्या उघडता उघडता माझं एक मत पक्कं झालं आहे. जुनी गाडी वयामुळे जेवढी बिघडते, त्याहून जास्त ती घाईघाईने केलेल्या इलाजांनी बिघडते.

पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवणे

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येते, चामड्याच्या चपलेला बुरशी येते. अर्ध्या टाकीतल्या हवेत किती ओल असेल ते वेगळं सांगायला नको. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. गाडी रिझर्व्हवर (टाकीच्या तळातल्या राखीव पेट्रोलवर) टाकली की नेमकं तेच कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, उतरतं.

तपासायला खर्च नाही. फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि थोडा वेळ हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला, मध्ये रेघ पडली, तर ती टाकी पूर्ण रिकामी करायची. वर ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) उजेडासमोर धरून पाहा : भोकाच्या कडेला हिरवट-पांढरी कीट दिसेल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तारेने टोकरणं. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक केसभर जरी वाढलं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब, एवढंच वापरा.

गाडी चार महिने उभी राहणारच असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करा आणि टाकीच्या आतून तेलाचा हात फिरवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि किक हाताने हळूच दाबून ते सगळीकडे पसरू द्या. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडका कोंबा, पण चालू करण्याआधी तो काढायची आठवण म्हणून हँडलला चिठ्ठी बांधा. आणि प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि क्रोम पावसापेक्षा तिनेच लवकर जातो. जुनी सुती चादर उत्तम.

अर्थिंग न बघता पार्ट बदलणे

मिरामार, मोरजीसारख्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. खारी हवा वायरच्या टोकांत शिरते, आणि जुन्या जावाच्या ६ व्होल्टच्या यंत्रणेत थोडासा गंजही पुरतो. दिवा मंद, हॉर्न घोगरा, प्लगला पिवळसर अशक्त ठिणगी, म्हणून लोक बॅटरी, कॉइल, कंडेन्सर असं एकेक विकत घेत सुटतात. आधी बॅटरीची आणि इंजिनची अर्थ वायर (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली) सोडवा, खालची जागा रंग निघेपर्यंत घासा, परत घट्ट करा. मग कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारी उघडझाप करणारी टोकं) साफ करून फट मोजा. बुलेटला ती साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. यानंतरही ठिणगी आली नाही तरच खिसा उघडा.

चोर्ला घाटात थ्रॉटल बंद करून उतरणे

जावा-येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला साधारण ४० मिलि. म्हणजे पेट्रोल आत गेलं तरच पिस्टनला तेल मिळतं. बेळगावकडून येताना चोर्ल्याच्या उतारावर चालक थ्रॉटल पूर्ण सोडतो आणि इंजिन ब्रेकिंगवर केरीपर्यंत येतो. चाक इंजिनला जोरात फिरवत असतं, पण आत ऑइल जेमतेम पोचतं. पिस्टन सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक अचानक अडकतं आणि गाडी आडवी जाते. असं झालं तर विचार न करता क्लच दाबा. पण ती वेळ येऊच देऊ नये : उतरताना दर काही सेकंदांनी थ्रॉटल किंचित उघडा आणि वेग आवरायला ब्रेकही वापरा. यामाहाच्या आरएक्स १०० आणि आरडी ३५० ला ऑइलचा वेगळा पंप आहे, तरी तो थ्रॉटलच्या केबलला जोडलेला असल्याने बंद थ्रॉटलवर तोही कमीच देतो.

येझदी पांढरा धूर ओकते आणि क्लचकडचं गिअर ऑइल कमी होतं, तर त्या बाजूचा क्रँक सील (इंजिनच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गेला. उलट थ्रॉटल सोडूनही इंजिनचा वेग उतरत नाही, तर डायनामोकडचा सील हवा ओढतोय. दुसऱ्या प्रकारात गाडी चालवूच नका, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन पिस्टन चिकटेल. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून हा दोष जात नाही.

आधी मॉडिफिकेशन, मग दुरुस्ती

एअर फिल्टर काढून टाकला, एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) बसवला आणि मेन जेट कंपनीचाच ठेवला : आरएक्स मारायचा सगळ्यात सोपा मार्ग. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. मोठ्या जेटपासून सुरुवात करून प्लगचा रंग बघत खाली या. तपकिरी ठीक, पांढरा धोक्याचा. आणि डिचोली-सांग्याकडच्या तांबड्या धुळीत फिल्टरशिवाय गाडी चालवणं म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावणं.

चॅसी (गाडीचा सांगाडा) कापण्याविषयी मी कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत परस्पर बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चॅसीत किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसेल तरच. मागचा भाग कापून बॉबर केलेली साठच्या दशकातली जावा त्या दारातून आत जात नाही. ज्याला बदल हवेत त्याने बोल्टने लागणारे आणि बोल्टने निघणारेच करावेत, आणि मूळ सुटे भाग विकू नयेत.

शर्यतीची हौस

रस्त्यावर अजिबात नको, बंद ट्रॅकवरच. तिथेही पहिले पैसे इंजिनवर घालू नका. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात, म्हणून आधी ब्रेक शू, केबल आणि टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला घडीवर तडे गेले असतील तर तो बाद. कॅस्टर (एरंडेलाचं) ऑइल वापरायचं असेल तर आधीचं मिनरल ऑइल पूर्ण काढा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

आणि उजवीकडे गिअर असलेली जुनी बुलेट मित्राला देण्याआधी त्याला मोकळ्या मैदानात फिरवून आणा. पहिला गिअर वर, बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला. समोर अचानक कुत्रा आला की नव्या गाडीची सवय असलेला उजवा पाय ब्रेक समजून गिअरच दाबतो.